ब्रिटिश कारागिराच्या हातची पोलादी सायकल ठाण्याच्या हवेत कशी सांभाळावी

माझे मामा व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते आणि सत्तरच्या दशकात त्यांनी लंडनहून रॉन कूपर या ब्रिटिश कारागिराच्या हातची सायकलची एक फ्रेम आणली. आता ती आमच्या नौपाड्यातील घरी आहे. कूपर १९४७मध्ये दक्षिण लंडनमधील ए. एस. गिलॉट या फ्रेम बांधणाऱ्यांकडे शिकाऊ उमेदवार म्हणून लागले आणि १९६७मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने फ्रेम बांधण्यास सुरुवात केली. डर्बीची मर्सियन, लीड्सची बॉब जॅक्सन किंवा टॉटनहॅमची हेचिन्स अशी एखादी जुनी फ्रेम आपल्याकडे आली असेल, तर पुढील पद्धत तिलाही लागू पडते.

प्रथम आपल्या हातात काय आहे ते नीट पाहावे. या फ्रेममधील नळ्या लग नावाच्या पोलादी खोबणींत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने झाळलेल्या असतात आणि कारागिराची खरी ओळख त्या लगच्या कडांमध्ये असते. कूपर यांच्यासारखा माणूस त्या कडा कानशीने इतक्या पातळ करीत असे, की नळी कोठे संपते आणि लग कोठे सुरू होतो हे बोटाला जेमतेम जाणवते. नळीवर रेनॉल्ड्स ५३१ असे चिकटपत्र असेल, तर ते १९३५मध्ये बाजारात आलेले मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आहे. त्याच्या बटेड नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, इतक्या पातळ की मध्यभागी भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणून सायकल दुरुस्तीला देताना नळीचा मधला भाग शिकंजात कधीही आवळू देऊ नये. स्टँडला ती सीटच्या दांड्यानेच धरावी.

त्यानंतर फ्रेम सरळ आहे का ते तपासावे आणि यासाठी एक लांब, न ताणणारा दोरा पुरतो. मागचे चाक काढून दोऱ्याचे एक टोक ते चाक ज्यात बसते त्या मागच्या एका खाचेला बांधावे, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घालावा आणि तसाच ताणून दुसऱ्या बाजूच्या खाचेला बांधावा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही मापांत १ मिलिमीटरचा फरक क्षम्य आहे; तो ३ मिलिमीटर निघाला, तर फ्रेमला कधीतरी मार बसला आहे असे समजून लगच्या कडेला रंगात बारीक सुरकुती किंवा तडा दिसतो का ते भिंगाने पाहावे. तडा आढळलाच, तर साधे वेल्डिंग करू देऊ नये, कारण त्या उष्णतेने ५३१ पोलाद सांध्याजवळ ठिसूळ होते; पितळेचे झाळकाम जाणणाराच माणूस शोधावा, मग त्याला वेळ लागला तरी चालेल.

पायडलच्या एक्सलचे कप, म्हणजे एक्सलला दोन्ही टोकांना धरणाऱ्या आटेदार वाट्या, हा सर्वांत धोक्याचा भाग आहे. ब्रिटिश फ्रेममध्ये साखळीच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. एका दुकानात आमच्या फ्रेमचा कप नेहमीच्या दिशेने, वर हातोडीचे ठोके देऊन फिरवला गेला आणि आट्यांच्या दोन फेऱ्या कायमच्या गेल्या. ते आजही मनाला लागते. आपण स्वतः समोर उभे राहून दिशा सांगावी, हा माझा आग्रह आहे.

खाडीकडून येणारी दमट, खारट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे ठाणे-नवी मुंबईत पोलादाला गंज आतून धरतो आणि बाहेरून काही कळत नाही. पाम बीच रोडवरून भिजून आल्यावर सीटचा दांडा काढून सायकल रात्रभर उलटी ठेवावी, म्हणजे नळीतील पाणी निथळते. हा दांडा ॲल्युमिनियमचा असल्यास दर दोन महिन्यांनी बाहेर काढून ग्रीस लावावे, नाहीतर दोन धातूंच्या विक्रियेने तो नळीत असा घट्ट होतो, की कापल्याखेरीज निघत नाही.

नळ्यांच्या आतील भागासाठी उकळलेले जवसाचे तेल उत्तम आहे. हे काम एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातच करावे, कारण पावसाळ्यात तेल सुकत नाही. सर्व सुटे भाग काढून सीटच्या नळीतून आणि कपांच्या पोकळीतून थोडे थोडे तेल ओतावे, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवावी आणि जास्तीचे तेल निथळू देऊन आठवडाभर टांगून ठेवावी. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये, त्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात.

रंगाला मात्र शक्यतो हात लावू नये. रंग अगदीच गेला असेल, तर पावडर कोटिंगचा जाड थर घेऊ नये, कारण कानशीने घासलेल्या त्या कडा थराखाली बुजतात. जोराच्या वाळूफवाऱ्यानेही त्या झिजतात. रसायनाने रंग उतरवून पातळ फवाऱ्याचा रंग द्यावा. त्याआधी ज्या आडव्या नळीत पायडलचा एक्सल बसतो तिच्याखाली किंवा मागच्या खाचेवर कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा, प्रत्येक चिकटपत्राची जागा पट्टीने मोजावी आणि त्याचा आकार ट्रेसिंग कागदावर उतरवून तो कागद फ्रेमच्या जुन्या पावतीसोबत कोरड्या डब्यात ठेवावा.