फवारणीची कामं घेण्यासाठी पंप निवडताना या चुका टाळा

मुंबईत राहून पालघर, वसई, शहापूर, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात फवारणीची कामं घ्यायची म्हटलं की पंपाची खरेदी बहुधा नागदेवी स्ट्रीटच्या एका फेरीत उरकली जाते. टाकी किती लिटरची आणि शेवटची किंमत काय, एवढ्यावर सौदा होतो. पण फवारणीच्या कंत्राटात पैसा टाकीच्या आकारावर मिळत नाही. दिवसभरात किती क्षेत्र नीट भिजलं आणि एका शेतातलं औषध दुसऱ्याच्या पिकावर गेलं नाही ना, यावर पुढचं काम मिळतं. खरेदीतल्या बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळे होतात.

कामं न मोजताच पंप घेणं

हापूसची कलमं 10 बाय 10 मीटरवर असतील तर एकरात साधारण 40 झाडं बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला 12 लिटर धरले तर एकराला 480 लिटर द्रावण लागतं. 16 लिटरच्या पाठीवरच्या पंपाने हे करायचं म्हणजे टाकी 30 वेळा भरायची, आणि तरीही शेंड्याच्या मोहरापर्यंत फवारा पोहोचणार नाही. इथे एचटीपी पंप (इंजिनावर चालणारा, जास्त दाबाचा पंप), 200 लिटरचा ड्रम आणि लांब गन यांना पर्याय नाही.

कर्जत-शहापूरच्या भातखाचरांचं गणित वेगळं. तुकडे पाच-दहा गुंठ्यांचे, बांध अरुंद, जुलैत घोटाभर चिखल. ट्रॅक्टरचा बूम स्प्रेअर (लांब आडव्या दांडीवर नोझल असलेला) तिथे रस्त्यावरच उभा राहील. पाठीवरचे दोन बॅटरी पंप आणि दोन सरावाची माणसं तेच काम सुखाने उरकतात. म्हणून आधी हातातल्या आणि मिळू शकणाऱ्या कामांची यादी करा: पीक, झाडाची उंची, एकर, रस्ता कुठवर जातो, पाणी किती लांब आहे. वर्षभर भात, भाजी आणि आंबा तिन्ही करायचं असेल तर सगळं करणारं एक यंत्र शोधत बसू नका. एक एचटीपी आणि दोन पाठीवरचे पंप घेतलेले बरे.

पाण्याची चौकशी तर हमखास राहून जाते. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ असतं. पॅराक्वाट, ग्लायफोसेट यांसारखी तणनाशकं गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांना चिकटतात आणि तण तसंच उभं राहतं. दोष मात्र फवारणाऱ्याच्या माथी येतो. स्वच्छ पाणी सोबत न्यायचं असेल तर 200 लिटर म्हणजे 200 किलो, वर पंप, इंजिन, पाइप आणि माणसं. टेम्पोच्या आरसीवर किती भार लिहिलाय ते पाहूनच टाकी ठरवा.

प्रेशरचा मोठा आकडा पाहून भुलणं

एचटीपी घेताना प्रेशरच्या आधी प्रवाह मोजा. समजा दोन गन चालवायच्या आहेत आणि प्रत्येकीला मिनिटाला 8 लिटर लागतात: झाले 16. ड्रममधलं औषध तळाशी बसू नये म्हणून बायपासच्या पाइपने, म्हणजे जादा द्रावण ड्रममध्ये परत आणणाऱ्या पाइपने, ते सतत ढवळावं लागतं. त्यासाठी ड्रमच्या 5 टक्के, म्हणजे मिनिटाला 10 लिटर. एकूण 26. पंपातलं पॅकिंग (गळती रोखणाऱ्या कड्या) झिजल्यावर प्रवाह घटतो, म्हणून वर 20 टक्के धरले की 31 लिटर होतात. म्हणजे मिनिटाला 30 लिटरचा पंप अपुरा पडेल, 36 लिटरचा घ्या. 22 लिटरचा पंप घेऊन त्यावर दोन गन लावल्या की दोन्हींचा फवारा लोंबतो.

मग सुरू होते त्याहून वाईट गोष्ट. प्रवाह वाढवायला इंजिनाची पुली मोठी बसवली जाते. पंपाच्या प्लेटवर मिनिटाला 900 फेरे लिहिले असतील आणि इंजिन 3,000 फेऱ्यांवर चालत असेल, तर इंजिनाला 3 इंची आणि पंपाला 10 इंची पुली योग्य. याहून वेगाने पळवलं की पॅकिंग जळतं आणि प्लंजरवर (पाणी ढकलणाऱ्या दांड्यावर) चरे पडतात.

दुकानातला गेज पंपावर असतो, काम होतं पाइपाच्या टोकाला. 100 मीटर पाइपात घर्षणाने प्रेशर घटतं, शिवाय चढावर दर 10 मीटर उंचीला सुमारे 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर जातं. डोंगरउतारावरच्या बागांत हे हमखास अनुभवाला येतं. खरेदीआधी पूर्ण लांबीचा पाइप जोडा, दोन्ही गन सुरू करा आणि गनजवळ गेज लावून वाचा. दुकानदार यासाठी तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

तणनाशकाला आणि पिकाला एकच पंप

कंत्राटदाराचं नाव बुडवणारी चूक हीच, म्हणून थोडं सविस्तर.

सकाळी भातात 2,4-डी हे तणनाशक मारलं, दुपारी त्याच पंपाने टोमॅटो किंवा वालावर कीटकनाशक मारलं. टाकी धुतली होती, तरी काही दिवसांत पानं वळली, शेंडे पिळवटले. असं का होतं? 8.5 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 100 मीटर पाइपात साडेपाच लिटरहून जास्त द्रावण भरलेलं असतं. टाकी कितीही चकाचक केली तरी पहिले साडेपाच लिटर आधीच्या शेतातलेच येतात. शिवाय गनची मूठ, गाळणी, नोझलची टोपी आणि वॉशर यांत औषध दडून बसतं. टोमॅटो, वांगी, वेलभाज्या, कपाशी यांना 2,4-डीचा अंशही पुरतो.

सोपा उपाय म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. पाठीवरचा साधा पंप पुरे, त्यावर लाल रंगाने ठळक लिहा, आणि त्याचे नोझल-पाइप दुसऱ्या पंपाला कधीच लावू नका. नाइलाजाने एकच वापरावा लागला तर टाकी रिकामी करा, टाकीच्या दहाव्या हिश्शाएवढं पाणी घालून ते पूर्ण पाइपातून आणि गनमधून बाहेर काढा. असं तीनदा. मग लिटरला 10 मिली घरगुती अमोनिया मिसळलेलं पाणी पाइपासकट भरून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा धुवा. गाळणी आणि नोझल काढून वेगळे घासा. धुणवणाचं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

एचटीपीच्या गनने उच्च दाबावर तणनाशक मारूच नये. बारीक थेंब वाऱ्यावर शेजारच्या बांधापलीकडे जातात. किनारपट्टीत दुपारकडे समुद्राचा वारा जोर धरतो, म्हणून तणनाशकाचं काम सकाळीच संपवा. तणनाशकाला पंख्यासारखा सपाट फवारा देणारा कमी दाबाचा फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, कीड-रोगाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारा हॉलो कोन.

मोजमाप न करता औषध ओतणं

एक गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट, दोरीने आखा. टाकीत खुणेपर्यंत साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीने फवारा, मग मापाच्या जगने पुन्हा खुणेपर्यंत भरा. साडेचार लिटर लागले तर 40 ने गुणून एकराला 180 लिटर. लेबलवर एकरी 400 मिली लिहिलं असेल तर 16 लिटरच्या टाकीला साधारण 36 मिली पडतं. माणूस बदलला की चाल बदलते, तेव्हा हे पुन्हा करा. नव्या नोझलचा मिनिटाचा प्रवाह लिहून ठेवा. तो 10 टक्क्यांनी वाढला की नोझल बदला. छिद्रात तार घालू नका, जुना टूथब्रश वापरा.

खरेदीत राहून जाणाऱ्या गोष्टी

बॅटरी पंपावर "20 टाक्या" लिहिलेलं असतं. 8 अँपिअर-तासाची बॅटरी आणि 3 अँपिअरची मोटर असेल तर कागदावर अडीच तासांहून थोडं जास्त, प्रत्यक्षात दोन. जोडीला दुसरी बॅटरी लागेलच. टाकीत पाणी भरून पंप पाठीवर घ्या आणि कमरेत वाका. झाकणातून थेंब गळला तर तो पंप नको. 2017 मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर ठिबकणारं औषध किरकोळ समजू नका. हातमोजे, चष्मा, मास्क, अंगभर कपडे यांचा खर्च दरातच धरा.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदीचं बिल करू नका. आणि केवळ अनुदान आहे म्हणून न लागणारं यंत्रही घेऊ नका. कीटकनाशकांच्या व्यावसायिक वापराला परवाना लागतो; ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला होता. जिल्हा कृषी कार्यालयात विचारून मगच काम स्वीकारा. ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं, आणि विमानतळांच्या भोवतालच्या शेतांसाठी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी पाहावा लागतो.

शेतात एचटीपी बिघडला तर

गेजचा काटा थरथरतो आणि फवारा धक्के देतो: बहुतेक वेळा सक्शन पाइप हवा ओढतोय. क्लॅम्प आवळा, वॉशर बदला, ड्रममधली गाळणी पाण्याखाली पण तळापासून चार बोटं वर ठेवा. काटा तरीही शांत होत नसेल तर पंपाचा व्हॉल्व्ह खोलून पाहा, त्याच्या बैठकीवर (सीटवर) कचरा अडकलेला असतो.

प्रेशर चढतच नाही: बेल्ट घसरतोय का बघा, मग बायपास, मग नोझल. प्लंजरमागून धार लागली असेल तर ग्रीस कपाला एक फेरा द्या आणि ग्लँड नट (पॅकिंग दाबून धरणारा नट) थोडा आवळा. तरीही गळत असेल तर पॅकिंग बदला. जास्त आवळलं तर प्लंजर तापतो. म्हणून पंप घेतानाच पॅकिंगचा पूर्ण सेट, दोन व्हॉल्व्ह आणि एक बेल्ट सोबत घ्या. मोहराच्या हंगामात एका वॉशरसाठी मुंबईची फेरी झाली तर दिवसाची मजुरी बुडते.

पंपाच्या क्रँककेसमधलं (ऑइल भरलेल्या पेटीतलं) ऑइल दुधाळ दिसलं तर सील फुटून पाणी आत गेलंय. तसाच चालवला तर बेअरिंग जातं. पंप थांबवा, ऑइल काढा, सील बदला, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑइल भरा, दहा मिनिटं बिनभाराने चालवून पुन्हा रंग पाहा.