नियमाच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवावी : सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

विधिमंडळाने अधिनियम मंजूर केला की त्यातून फक्त चौकट तयार होते. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, शुल्क किती भरायचे, परवाना कोणत्या अटींवर मिळणार आणि तो केव्हा रद्द होणार, हा सगळा तपशील नियमांत असतो आणि ते नियम मंत्रालयातील संबंधित विभाग तयार करतो. सोलापुरात एमएच १३ क्रमांकाची रिक्षा चालवणारा, बाजार समितीत कांदा घेऊन येणारा किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग चालवणारा माणूस ज्या कागदापाशी अडतो, तो बहुतेक वेळा नियमच असतो. अनेक अधिनियमांनी सरकारला असे बंधन घातले आहे की नियम करण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा आणि ठरलेल्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्कही लागत नाही. तरीही आपल्या जिल्ह्यातून अशा हरकती फार कमी जात असाव्यात असे मला वाटते, आणि याची मला मनापासून खंत आहे, कारण नियम एकदा पक्का झाला की तो बदलून घेण्याचे उरलेले सर्व मार्ग याहून कठीण आणि खर्चिक आहेत.

हातातला कागद कोणता, हे आधी पाहावे

नियम, शासन निर्णय आणि परिपत्रक यांची नेहमी गल्लत होते. नियम हा अधिनियमातील विशिष्ट कलमाने दिलेल्या अधिकारातून निघतो, राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनात, अधिसूचना म्हणून प्रसिद्ध होतो आणि त्याला कायद्याचे बळ असते. शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, प्रशासकीय आदेश असतो. परिपत्रक म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना. नियमांत जेथे जागा मोकळी असेल तेथे शासन निर्णयाने ती भरता येते, परंतु नियमाच्या विरुद्ध शासन निर्णय काढून नियम बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून कार्यालयात कोणी ‘नियमच तसा आहे’ असे सांगितले, तर नियमाचा क्रमांक आणि तो ज्या अधिनियमाखाली केला आहे त्याचे नाव विचारावे. पुष्कळदा पुढे येतो तो एखादा जुना जीआर.

दारही नीट निवडावे लागते. रिक्षाच्या परवान्याच्या अटी किंवा गणवेश हा मोटार वाहन नियमांचा विषय आहे, मात्र शहरातील रिक्षाचे भाडे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या निर्णयाने ठरते आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. भाडेवाढीची मागणी नियमांच्या मसुद्यावरील हरकतीत घातली, तर ती योग्य असूनही बाजूला पडते.

नियम बदलण्याचा अधिकार कोठून येतो

ज्याला नियम करण्याचा अधिकार आहे त्याला त्यात भर घालण्याचा, सुधारणा करण्याचा किंवा तो रद्द करण्याचाही अधिकार असतो, मात्र तो त्याच रीतीने आणि त्याच अटींवर वापरावा लागतो. सर्वसाधारण खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे सर्व अधिनियमांसाठीची सामान्य सूत्रे देणारा कायदा), १८९७ च्या कलम २१ चे हे सूत्र आहे आणि राज्याच्या अधिनियमांसाठी महाराष्ट्राच्या १९०४ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमातही तशीच तरतूद आहे. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मूळ नियम मसुदा प्रसिद्ध करूनच करावयाचा असेल, तर त्यातील एक आकडा बदलतानाही मसुदा प्रसिद्ध करावा लागतो.

विभागातील प्रवास थोडक्यात असा होतो. संबंधित कार्यासन, म्हणजे विभागातील तो विषय हाताळणारी शाखा, टिप्पणी व मसुदा तयार करते, विधि व न्याय विभाग त्याची भाषा आणि अधिकारकक्षा तपासतो, मंत्र्यांची मान्यता घेतली जाते आणि मसुदा राजपत्रात जातो. आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात, सही मात्र सचिवालयातील अधिकाऱ्याची असते.

पूर्वप्रसिद्धीची, म्हणजे नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करण्याची, अट आहे की नाही, हे मूळ अधिनियमात पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २१२ मध्ये ती स्पष्ट शब्दांत आहे. अशी अट असली की केंद्रीय अधिनियमांखालील नियमांना १८९७ च्या अधिनियमाचे कलम २३ लागू होते: मसुदा बाधित होणाऱ्या व्यक्तींच्या माहितीसाठी प्रसिद्ध करावा लागतो, तो कोणत्या तारखेस किंवा त्यानंतर विचारात घेतला जाईल हे सांगणारी नोटीस सोबत द्यावी लागते आणि त्या तारखेपूर्वी आलेली प्रत्येक हरकत व सूचना विचारात घ्यावी लागते. किमान किती दिवस द्यावेत हे मात्र हे कलम सांगत नाही. मूळ अधिनियमात मुदत नसेल तर ती विभागच ठरवतो, आणि माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे, कारण मुंबईत निघालेला मसुदा सोलापुरातील संघटनेच्या हाती पडेपर्यंत मुदतीचा बराच भाग संपलेला असू शकतो. सर्वच नियमांना ही अट नसते, हेही ध्यानात ठेवावे. संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खालील सेवा नियम मसुद्यावर लोकांचे म्हणणे न मागवताही करता येतात.

मसुदा शोधणे आणि वाचणे

मसुदा महाराष्ट्र शासन राजपत्रात निघतो आणि राजपत्र शासनाच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. राज्य शासनाने केंद्रीय अधिनियमांखाली केलेले नियम सहसा भाग चार-अ मध्ये आणि महाराष्ट्र अधिनियमांखाली केलेले नियम भाग चार-ब मध्ये असतात. कामगारविषयक अधिसूचनांसाठी भाग एक-ल पाहावा. घाईचे काम असेल तर अंक ‘असाधारण’ असतो, म्हणून फक्त साप्ताहिक अंक चाळून भागत नाही. प्रत्येक संघटनेने एका माणसाकडे आठवड्यातून दोनदा हे पाहण्याचे काम सोपवावे. शासन निर्णयांचे संकेतस्थळ वेगळे आहे आणि तेथे नियमाचा मसुदा सापडेलच असे नाही.

सुधारणेचा मसुदा वाचताना पहिल्यांदा काहीच कळत नाही, कारण त्यात ‘मुख्य नियमांच्या नियम अमुकच्या पोट-नियम (२) ऐवजी पुढील पोट-नियम दाखल करण्यात येईल’, ‘परंतुक वगळण्यात येईल’ अशी वाक्ये असतात (परंतुक म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी, नियमाला अपवाद देणारी तरतूद) आणि मूळ मजकूर दिलेला नसतो. त्यासाठी मुख्य नियमांची आजपर्यंतच्या सुधारणांसह प्रत मिळवावी, एका कागदावर डावीकडे आजचा मजकूर आणि उजवीकडे बदलानंतर होणारा मजकूर लिहून काढावा आणि वगळलेल्या शब्दांखाली रेघ मारावी. त्रासदायक बदल अनेकदा नव्या मजकुरात नसतो, वगळलेल्या परंतुकात असतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू आणि अनेक वस्त्यांत कन्नड बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. राजपत्राची मराठी तर मराठी घरातल्या माणसालाही जड जाते, म्हणून ही दोन रकान्यांची प्रत रिक्षा थांब्यावर किंवा कारखान्यात मोठ्याने वाचून समजावून सांगणे हे संघटनेने आपले पहिले काम मानावे.

हरकत कशी लिहावी

‘हा नियम अन्यायकारक आहे, तो मागे घ्यावा’ अशा एका ओळीच्या हरकतीवर पाचशे सह्या असल्या तरी विभागाच्या हरकतींच्या तक्त्यात तिची नोंद एकाच ओळीत होते आणि शेराही एकाच ओळीचा पडतो. हरकतीत अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक, ज्या पोट-नियमाला हरकत आहे त्याचा क्रमांक, कारण आणि पर्यायी मजकूर या चार गोष्टी असाव्यात. पर्यायी मजकूर देण्याचा मी विशेष आग्रह धरीन, कारण मसुदा हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला तयार वाक्य मिळाले तर ते स्वीकारणे त्याला सोपे जाते.

समजा, परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस आणि केवळ ऑनलाइन करावा, असा पोट-नियम प्रस्तावित झाला आहे. यात दोन स्वतंत्र हरकती आहेत. पहिली कायद्याची: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये असा अर्ज मुदतीच्या किमान १५ दिवस आधी करता येतो असे म्हटले आहे, आणि अधिनियमाने दिलेली सवलत नियमाने कमी करता येत नाही. दुसरी व्यवहाराची: ज्यांना ऑनलाइन अर्ज स्वतः भरता येत नाही त्यांना प्रत्येक वेळी मध्यस्थाला पैसे मोजावे लागतील. या दोन हरकती वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडाव्यात आणि शेवटी लिहावे: ‘प्रस्तावित पोट-नियमातील “केवळ ऑनलाइन पद्धतीने” या मजकुराऐवजी “ऑनलाइन पद्धतीने किंवा संबंधित प्रादेशिक परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष” हा मजकूर दाखल करावा.’ व्यवहाराच्या हरकतीला पुरावा जोडता आला तर उत्तम: पावत्या, नाकारलेल्या अर्जांच्या प्रती, संघटनेने स्वतः केलेली नोंद. ऐकीव आकडे घालू नयेत. एक आकडा खोटा ठरला की उरलेल्या कागदावरचा विश्वास उडतो. मसुद्यातील जो भाग योग्य वाटतो त्याला पाठिंबाही लेखी द्यावा, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या हरकतीवरून तोच भाग गळण्याचा धोका असतो.

हरकत मसुद्यात नमूद केलेल्या अधिकाऱ्याच्याच नावे पाठवावी. जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देऊन छायाचित्र काढल्याने हरकत नोंदली जात नाही, जोवर नोटिशीत तो पत्ता दिलेला नाही. नोटिशीत ई-मेल दिला असेल तर ई-मेलने पाठवून शिवाय स्पीड पोस्टाने प्रत पाठवावी आणि पावती जपावी. मुदत अगदी जवळ आली असेल तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून दुसऱ्या दिवशी मंत्रालयात टपाल देणे आणि प्रतीवर शिक्का घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे. ज्या तारखेला मसुदा विचारात घेतला जाणार आहे तिच्यापूर्वी हरकत पोहोचली पाहिजे. त्या तारखेला टपालात टाकलेले पत्र उशिराचे ठरते.

बांधकाम नियमावलीची वेगळी वाट

सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बदलते. शासन कलम ३७ (१कक) खाली फेरबदलाची सूचना काढते तेव्हा हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते आणि बाधित व्यक्तींना सुनावणीही द्यावी लागते. मोटार वाहन नियमांच्या बाबतीत अशी सुनावणी मागण्याचा हक्क नाही, बांधकाम नियमावलीत मात्र तो आहे, म्हणून ती हरकतीतच लेखी मागावी. तरीही शासन फेरबदलाच्या सूचनेबरोबरच याच अधिनियमाच्या कलम १५४ खाली निर्देश देऊन प्रस्तावित बदल ताबडतोब अमलात आणू शकते, आणि तसे पुष्कळदा होते. त्यामुळे सूचनेचा शेवटचा परिच्छेद आधी वाचावा. बदल लागू झालेला दिसला म्हणून हरकतीची मुदत सोडून देऊ नये. अंतिम मंजुरी तिच्यानंतरच होते.

अंतिम अधिसूचना निघाल्यानंतर

हरकत विचारात घेणे बंधनकारक आहे, मान्य करणे नाही. प्रत्येकाला उत्तर देण्याचे बंधनही सर्वसाधारण खंड अधिनियमाचे कलम २३ घालत नाही. म्हणून अंतिम अधिसूचना मसुद्याशी ताडून पाहावी आणि माहितीच्या अधिकारात हरकतींचा तक्ता, त्यावरील शेरे व संबंधित टिप्पणी मागावी. महाराष्ट्रात या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, विषय एकच असावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात आणि अनेक अधिनियमांनुसार दोन्ही सभागृहे मिळून त्यात बदल करू शकतात किंवा नियम रद्द करू शकतात. सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत. आपल्या आमदारांना फक्त तक्रार सांगण्याऐवजी नियमाचा क्रमांक, दोन रकान्यांची प्रत आणि पर्यायी मजकूर द्यावा, म्हणजे त्यांना प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडता येईल. मसुदा निघालेला नसताना जुनाच नियम बदलून हवा असेल, तर विभागाकडे निवेदन आणि विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज, असे दोन मार्ग आहेत.

नियम मूळ अधिनियमाच्या बाहेर जात असेल, संविधानाशी विसंगत असेल, अधिकार नसताना पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू, केला असेल किंवा सक्तीची पूर्वप्रसिद्धीच झाली नसेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आव्हान देता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची अशी प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात. तेथे जाताना वकिलांकडे मुदतीत दिलेली हरकत, तिची पोच आणि माहितीच्या अधिकारात मिळालेला तक्ता हे तिन्ही कागद सोबत द्यावेत.