कोळंबीच्या तळ्यांवरचे चाळीस नोड: किल्ल्या कशा वाटायच्या

खाडीकाठच्या कोळंबी तळ्यांवर किंवा हापूसच्या बागेत सेन्सर बसवायचा प्रोजेक्ट घेतला असेल, तर पेपर वाचण्याआधी नोड, म्हणजे रेडिओवर एकमेकांशी बोलणारे सेन्सरचे डबे, मोजा. त्यांचं बोलणं गुप्त ठेवायला दोन्ही टोकांना एकच किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, लागते. नवखी मंडळी सरळ एशेनॉअर आणि ग्लिगोर या संशोधकांची 2002 ची पद्धत उचलतात: 10,000 किल्ल्यांच्या साठ्यातून प्रत्येक नोडला कुठल्याही 83 द्या, म्हणजे दोघांत एखादी सामाईक निघण्याची शक्यता साधारण निम्मी. कोण कोणाशेजारी पडणार हेच माहीत नसलेल्या हजारो नोडांसाठी ती ठीक. पण 16 बाइटच्या 83 किल्ल्या म्हणजे 1,328 बाइट, आणि नोडमधल्या एटीमेगा328पी चिपची ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी साठवण) 1,024 बाइटची.

40 नोडांत प्रत्येक जोडीला स्वतंत्र किल्ली दिली तर एकूण 780, एका नोडवर 39, म्हणजे 624 बाइट. नोड चोरीला गेला तर 39 किल्ल्या बाद, उरलेल्या 741 शाबूत. पावसाळ्यात ओली पालवी 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल खाते, नोडला शेजारी बदलावा लागतो. तेव्हाही किल्ली तयारच असते. पुढे नोड वाढतील म्हणून 50 क्रमांक धरा: 784 बाइट, 240 शिल्लक.

किल्ल्या लॅपटॉपवरच्या मास्टर किल्लीतून, दोन नोडांचे क्रमांक जोडून, एईएस-सीमॅकने (एका किल्लीतून दुसरी काढायचं गणित) काढा आणि मास्टर नोडवर कधीच घालू नका. क्रमांक जोडताना लहान आधी, मोठा नंतर. हा क्रम चुकला की दोन टोकांना वेगवेगळ्या किल्ल्या मिळतात, आणि दोष उगाच अँटेनावर जातो.

खरी गोची काउंटरची, म्हणजे प्रत्येक पॅकेटला वाढणाऱ्या आकड्याची. श्रावणातल्या मळभात सोलरची बॅटरी बसते, नोड रीसेट होतो, काउंटर शून्यावर. सीसीएममध्ये (पॅकेट गुप्त करायच्या पद्धतीत) त्याच किल्लीवर तोच नॉन्स, म्हणजे काउंटरपासून बनलेला एकदाच वापरायचा आकडा, पुन्हा आला की गुप्तता गेली. शिवाय समोरचा नोड जुना काउंटर बघून पॅकेट टाकून देतो. अशा वेळी ती तपासणीच बंद करणारे भेटतात. तसं करू नका. काउंटर ईईप्रॉममध्ये ठेवा, पण दर पॅकेटला नाही: एका जागेची हमी 1,00,000 लेखनांची, मिनिटाला एक पॅकेट धरलं तर 69 दिवसांत संपते. सुरू होताना जपलेला आकडा वाचा, लगेच त्यात 100 मिळवून लिहा, मग वाचलेल्या आकड्यापासून पाठवायला लागा. शंभर संपले की पुन्हा तेच. रीसेटमध्ये फार तर शंभर आकडे वाया जातात. नॉन्समध्ये पाठवणाऱ्याचा क्रमांक हवाच, कारण जोडीची किल्ली दोघांची एकच असते.

व्होल्टेज पडताना ईईप्रॉम बिघडते, म्हणून ब्राउनआउट डिटेक्शन (व्होल्टेज फार पडलं की चिप रीसेटमध्ये धरणारी सोय) चालू ठेवा. चिपमधलं बाहेरून वाचू न देणारे लॉक बिट मात्र किल्ल्या भरून, तपासून झाल्यावरच लावा.