चिनी नाण्याचं भोक वेगळं दिसतंय? या चुका टाळा

जुन्या चिनी ‘कॅश’ नाण्याचं (मधोमध भोक असलेलं धातूचं गोल नाणं) भोक चौकोनीच असणार, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की आठ टोकांचं भोक दिसताच आपण नाणं नकली ठरवून मोकळे होतो. पहिली चूक हीच. उत्तर सोंग काळातल्या (इ.स. 960–1127) नाण्यांमध्ये असं भोक बऱ्याचदा सापडतं. चिनी संग्राहक त्याला ‘फुलाचं भोक’ म्हणतात.

ही नाणी ठोकलेली नाहीत, ओतलेली आहेत. साच्यातून काढल्यावर भोकात जास्तीचा धातू राहायचा. तो काढून नाणी चौकोनी सळईत ओवायची आणि कडा कानसीनं घासायच्या. भोक चौकोनी असल्यानं नाणं सळईवर फिरत नसे. पण चौकोनी हत्यार 45 अंशांत तिरकं बसलं, की प्रत्येक बाजूच्या मधोमध खाच पडणार आणि चौकोनाचा तारा होणार.

दुसरी चूक भरून न येणारी: नाणं चिंच-मिठानं घासणं. कृपा करून करू नका! माझ्याकडच्या, उत्तर सोंग काळातल्याच युआनफेंग राजवर्षांतल्या (1078–1085) नाण्याचं भोक भिंगाखाली धरलं, तर अक्षरांच्या खोबणीतला हिरवट-तपकिरी थर खाचांच्या आतही तसाच दिसतो. खाच जुनी असल्याची खूण म्हणजे हा थर. तो गेला, की खाच 900 वर्षांपूर्वीची की गेल्या महिन्यातली, हे कसं सांगणार? थर असलेल्या नाण्याच्या फक्त खाचेत पिवळा धातू चमकत असेल, तर कानस अलीकडेच फिरली आहे.

भोक तिरकं असेल तर अक्षरं बाजूंऐवजी कोपऱ्यांसमोर येतात. म्हणून भोकावरून नाणं सरळ धरू नका, अक्षरांवरून धरा. युआनफेंग नाण्याची भोकाभोवतीची चार अक्षरं वरून घड्याळाच्या दिशेनं वाचतात. 621 पासूनचं ‘काइयुआन तोंगबाओ’ हे नाणं मात्र वर, खाली, उजवीकडे, डावीकडे.

आणि भोक खूप मोठं, गोल असून अक्षरं अर्धीच असतील, तर ते फुलाचं भोक नव्हे. पूर्व हान काळाच्या (इ.स. 25–220) अखेरीस एका वूझू नाण्याची (ज्यावर ‘वू’ आणि ‘झू’ ही दोन अक्षरं असतात) दोन करण्यासाठी मधला भाग छिन्नीनं कापून काढत. ‘झू’ अक्षराचे दोन भाग असतात, डावा ‘धातू’चा आणि उजवा उच्चाराचा. बाहेरच्या कड्यावर डावा भाग राहतो, आतल्या चकतीवर उजवा. मी पाहिलेल्या एका कड्यावर छिन्नीचे छोटे छोटे घाव अजून मोजता येतात.