डॉलर वाढला की घरात नेमकं काय महागतं आणि आपण काय करायचं

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या वर गेला आणि तेव्हापासून मोंढ्यात, सराफ्यात, चहाच्या हॉटेलात जो भेटंल तो म्हणतो आता सगळंच महागणार. सगळं नाही महागत. काही वस्तू आठ-पंधरा दिवसात वर जातात, काहींचा भाव सरकारनं धरून ठेवलेला असतो म्हणून जागच्या हलत नाहीत, आणि सोयाबीन-कापूस विकणाऱ्याला तर उलट दोन पैसे जास्त मिळायला पाहिजेत. म्हणून आधी वहीचं एक पान घ्या, एका बाजूला लिहा आपण डॉलरवर अवलंबून असलेलं काय विकत घेतो (तेल, डिझेल, खत, सोनं, पोराची परदेशातली फी), दुसऱ्या बाजूला काय विकतो किंवा बाहेरून काय येतं (सोयाबीन, कापूस, आखातातून येणारा पैसा). लातूरच्या शेतकऱ्याचं पान आणि वाळूजला कंपनीत जाणाऱ्याचं पान सारखं भरणार नाही, त्यामुळं शेजारचा काय म्हणतो त्यावर घाबरू नका.

खायच्या तेलापासून धरू. आपल्याला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून, आणि त्यावरचं आयात शुल्कसुद्धा रुपयातल्या किमतीवर लागतं म्हणजे डॉलर वाढला की शुल्काची रक्कम पण वाढते. पण शुल्काचा दर सरकारच्या हातात आहे, मे २०२५ च्या शेवटी कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं होतं, त्यामुळं नुसता डॉलर बघून वर्षाचे डबे भरून ठेवू नका, महिना-दीड महिन्याचं घ्या. आणि पाकिटावरचं वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण दुकानात तशाच दिसणारी ८५० आणि ८०० ग्रॅमची पाकिटं असतात, डब्याचं पण तेच, १५ किलोचा आणि १५ लिटरचा यात सव्वा किलोहून जास्त फरक पडतो. भाव किलोवर काढूनच तुलना करा.

डिझेलचा हिशोब सोपा आहे. एका पिंपात म्हणजे बॅरलमध्ये १५९ लिटर, कच्चं तेल ७० डॉलर धरलं तर डॉलर ८४ असताना लिटरला ३७ रुपये पडतं आणि ९० झाला की ३९ रुपये ६० पैसे. पंपावर हे लगेच दिसत नाही कारण भाव रोज बदलायची पद्धत जून २०१७ पासून असली तरी कंपन्या बराच काळ एकच भाव ठेवतात. तरी ट्रॅक्टरवाल्याशी नांगरणीचा दर ठरवताना त्यानं डॉलरचं कारण सांगितलं तर पंपावरची आजची पावती बघा, तिथं वाढलं नसंल तर दर वाढवायचं कारण नाही.

खतात युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला ठरलेली आहे, डॉलर काही का होईना. डीएपीची ५० किलोची १३५० ला धरून ठेवली, वरचा बोजा अनुदानातून जातो. पोटॅश मात्र जवळपास सगळं बाहेरचं आणि १०:२६:२६ सारख्या मिश्र खतांचे भाव हलतात. खरा त्रास भावाचा नसतो, मालाचा असतो, कारण डॉलर आणि जागतिक भाव दोन्ही वाढले की कंपनीला आयात परवडत नाही, माल कमी येतो आणि ऐन पेरणीत दुकानदार लिंकिंग करतो, डीएपी पाहिजे तर हे औषध घे. घेऊ नका, गोणीवर छापलेला भाव बघा, पॉस मशीनचं बिल मागा, बिल नाही म्हटला तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करा. आणि डीएपीवर अडून बसायचं कारण नाही, एका गोणीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि अर्धी गोणी युरिया टाकला तर स्फुरद-नत्र तेवढंच मिळतं, वरून गंधक मिळतं जे सोयाबीनला लागतंच.

आता विकायची बाजू, आणि इथं मला वाटतं आपली माणसं सगळ्यात कमी हिशोब करतात. कापसाचा जागतिक भाव पौंडाला सेंटमध्ये असतो, आपली रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी ३५६ किलोची म्हणजे साधारण ७८५ पौंड. समजा भाव ६५ सेंट, तर खंडी ५१० डॉलरची झाली, डॉलर ८४ असताना ४२,८०० रुपये आणि ९० ला ४५,९०० रुपये. म्हणजे नुसत्या डॉलरनं खंडीमागं तीन हजार वाढले, एका खंडीला दहा-साडेदहा क्विंटल कापूस लागतो असं धरा, तर क्विंटलला तीनशेच्या आसपास फरक पडायला पाहिजे. मग मिळाला का? ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ती सूट पुढं ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, बाहेरचा कापूस तेवढा स्वस्त झाला, आणि ११ टक्के म्हणजे खंडीला साडेचार हजाराच्या वर, डॉलरनं दिलेलं सगळं त्यात गेलं आणि वरून अजून गेलं. त्यामुळं परभणी-जालन्याच्या कापूसवाल्यानं तीन आकडे सोबत बघायचे: सेंटचा भाव, डॉलर, आयात शुल्क. एकट्या डॉलरवर माल घरात दाबून ठेवू नका, हमीभावाची नोंदणी वेळेत करून ठेवा.

सोयाबीनचं अजून वेगळं. क्विंटलमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड, म्हणून भाव पेंडीवर चालतो. डॉलर वाढला की आपली पेंड बाहेरच्यांना स्वस्त पडते, निर्यात वाढायला वाव मिळतो, पण अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त असली तर आपल्याकडं गिऱ्हाईक फिरत नाही. अडत्याला डॉलर विचारण्यापेक्षा डीओसीचा म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचा भाव विचारा.

सोनं थोडक्यात. जागतिक भाव औंसाचा, औंस ३१.१ ग्रॅमचा. औंस ३००० डॉलर धरला तर डॉलर एक रुपयानं वाढला की तोळ्याला (१० ग्रॅम) साडेनऊशेच्या वर फरक, औंस महाग तेवढा फरक मोठा, वर आयात शुल्क आणि ३ टक्के जीएसटी. लग्न ठरलंय तर एकदम सगळं न घेता तीन-चार वेळा विभागून घ्या.

सगळ्यात जास्त काळजी कुणी करायची तर ज्याचं लेकरू एमबीबीएसला जॉर्जिया, किरगिझस्तानकडं निघालंय त्यानं. वर्षाची फी ५००० डॉलर असंल तर ८४ ला ४ लाख २० हजार, ९० ला साडेचार लाख, सहा वर्षात पावणेदोन लाखाच्या वर फरक आणि होस्टेल-जेवण वेगळं. एजंट रुपयात पॅकेज सांगतो, त्याला विचारा कोणत्या भावानं काढलं आणि भाव वाढला तर फरक कोण भरणार, ते लिहून घ्या. ऑफर लेटरवर फी कोणत्या चलनात आहे बघा, रशियात रुबलमध्ये असंल तर रुबलचा भाव बघावा लागंल. बँकेत शैक्षणिक कर्ज मागताना आजच्या भावानं हिशोब न करता दहा टक्के जास्त मंजूर करून घ्या, व्याज उचललेल्या पैशावरच लागतं. फी भरताना गुगलवरचा भाव मिळत नाही, बँकेचा टीटी सेलिंग रेट (बाहेर पैसे पाठवायला बँक ज्या भावानं डॉलर विकते तो) विचारा, दोन बँकांचा विचारा, एका रुपयाचा फरक म्हणजे ५००० डॉलरला पाच हजार रुपये. मधल्या बँकेचा चार्ज कोणाकडून कापणार ते पण विचारा, नाहीतर तिकडं फी शंभर डॉलर कमी पोचली तर परत भरत बसा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) नाही, स्वतःचा पैसा वर्षात १० लाखांच्या वर गेला तरच कापतात आणि तो रिटर्न भरून वळता होतो. पोराला सांगा, तिकडं कार्ड घासताना मशीननं रुपये का तिथलं चलन विचारलं तर तिथलंच निवडायचं.

दुबई-सौदीत कुणी असंल तर डॉलरचाच भाव बघा, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम आणि ३.७५ रियाल असा तिथला भाव डॉलरशी बांधलेला आहे, म्हणजे डॉलर ९० ला दिरहम साडेचोवीस, रियाल २४. तिकडून पाठवणाऱ्याला फायदा, उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) निघालेल्याला तोटा. उमऱ्याचे पैसे भरायचे असतील तर टूरवाल्याकडून रियालचा भाव ठरवून पावतीवर लिहून घ्या.

आणि डॉलर घेऊन ठेवू का, असं बरेच जण विचारतात. नका घेऊ. प्रवासातून उरलेल्या २००० डॉलरच्या वरच्या नोटा १८० दिवसात परत कराव्या लागतात. व्हॉट्सअपवर फॉरेक्स ट्रेडिंगच्या ॲपची लिंक आली, रोजचा नफा सांगितला, तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर अनधिकृत प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट आहे ती बघा, नाव त्यात नसलं म्हणून ते अधिकृत ठरत नाही असं तिथंच लिहिलंय. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावा, जितका लवकर लावला तितकी खातं गोठवायची शक्यता जास्त.