ट्रक-व्हिस्की सोडा, दुसऱ्या गेटवर गाणं लिहा

माझ्याकडं गिटार शिकायला येणाऱ्या बेळगावच्या पोरांना ऑल्ट-कंट्रीचा, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताच्या जरा रॉककडं झुकलेल्या प्रकाराचा, नाद लागला, की पहिलं गाणं ठरलेलं: ट्रक, व्हिस्की आणि संपता न संपणारा हायवे. हायवे आपल्याकडंही आहे म्हणा, पण तो धारवाडला जातो. अशांना मी वॅक्सहॅचीचा ‘सेंट क्लाउड’ हा अल्बम ऐकायला लावतो.

वॅक्सहॅची म्हणजे अमेरिकन गायिका केटी क्रचफील्ड. हे नाव तिनं अलाबामातल्या घराजवळच्या ओढ्यावरून घेतलं. मार्च २०२० मध्ये आलेल्या या अल्बमला नाव दिलं ते वडिलांच्या फ्लोरिडातल्या गावाचं. ‘रूबी फॉल्स’ हे गाण्याचं नावही टेनेसीतल्या जमिनीखालच्या धबधब्याचं. पहिल्यांदा ऐकताना शब्द सोडून द्या, आवाज किती पुढं आणि वाद्यं किती मागं ठेवलीत तेवढंच बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा, गावं-रस्ते टिपा.

आता स्वतःची यादी करा. रोज पाय पडतो तीच ठिकाणं घ्या. चोर्ला घाटातलं धुकं सगळेच लिहितात, ते राहू द्या. बेळगावातल्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट घ्या. गेट पडलंय, स्कूटर बंद केलीय, मागचा उगाच हॉर्न मारतोय. एवढ्यात एक कडवं होतं. ओळीत कन्नड शब्द आला तर काढू नका, बाजारात आपण तसंच बोलतो.

कॉर्ड तीन पुरे: जी, सी, डी. सूर खाली वाटला तर गिटारीच्या दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावा. खरी अडचण चालीची. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं आणि कानाला खुपतं. म्हणून कॉर्ड बदलेल तिथं शक्यतो दीर्घ अक्षर ठेवा. समजा ओळ आहे, ‘दुसऱ्या गेटला थांबलो, गाडी काही येईना’. ‘जी’ कॉर्डवर सुरू करा, ‘थां’वर सी, ‘गा’वर डी, ‘ये’वर परत जी. ‘थांबलो’नंतर एक ठोका मोकळा सोडा. तो भरायचा मोह सगळ्यांना होतो, आणि गाणं तिथंच बिघडतं.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. वॅक्सहॅचीचा २०१२ चा पहिला अल्बम ‘अमेरिकन वीकेंड’ आईवडिलांच्या घरातच रेकॉर्ड झालाय, आणि त्यातली खरखर कुणी पुसलेली नाही. पंखा बंद करा, खिडकीवर गोधडी टाका. फोन हातभर अंतरावर, गिटारीच्या बाराव्या फ्रेटकडं तोंड करून ठेवा. भोकासमोर ठेवलात तर नुसता घुमारा येतो. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंग करायचं असेल तर पावसाची सर ओसरेपर्यंत थांबा. रिमझिम चालते, मुसळधार नाही.

झालेलं गाणं हेडफोनवर तपासू नका, घरात कुणाच्या तरी साध्या फोनच्या स्पीकरवर लावा. शब्द कळले नाहीत तर गिटार हलक्या हातानं वाजवून पुन्हा घ्या. आवाजावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा कृत्रिम घुमारा, चढवू नका.