हवामान धोरणाचा आर्थिक अहवाल मागून पुढे वाचा

हवामान धोरणावरचा आर्थिक अहवाल हाती आला की मी सारांशाचं पान बाजूला ठेवते आणि थेट परिशिष्ट काढते. असे अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम. निष्कर्ष सारांशात असतो, पण तो कशाच्या जोरावर उभा आहे ते मागच्या बारीक अक्षरांत सापडतं. अर्थशास्त्र शिकला नसाल तरी अडणार नाही. पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

सगळ्यात आधी वटाव दर शोधा, म्हणजे डिस्काउंट रेट. पुढे होणाऱ्या नुकसानाला आज किती किंमत द्यायची हे तो ठरवतो. हिशोब स्वतः करून बघाच. शंभर वर्षांनी १००० डॉलरचं नुकसान होणार आहे असं धरा. दर १.४ टक्के असेल तर १.०१४चा शंभरावा घात काढून त्याने १०००ला भागायचं. उत्तर येतं सुमारे २४९. आता दर ४ टक्के करा. उरतात जेमतेम २०. पूर तोच, बुडणारी घरं तीच, फक्त तक्त्यातला एक आकडा बदलला.

२००६ साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांच्या अहवालाने ताबडतोब आणि मोठी पावलं उचला असं सांगितलं, ते साधारण १.४ टक्क्यांच्या दरावर. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी, ज्यांना पुढे २०१८चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, याच दरावर आक्षेप घेतला. बाजारातल्या परताव्याशी जुळणारा, बराच वरचा दर त्यांना योग्य वाटत होता, आणि म्हणून त्यांचा सल्ला सावकाश सुरुवात करून हळूहळू कडक होण्याचा होता. दोघंही हवामान बदल मानणारेच. नातवंडांच्या पिढीचं दुःख आपल्या दुःखाइतकंच मोजायचं का, हा नीतीचा प्रश्न त्या दशांशचिन्हाआड असतो. माझं मत विचाराल तर ते मोजायलाच हवं. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण अहवालाने कोणती बाजू घेतली ते तुम्हाला कळलं पाहिजे. दराच्या शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा.

मग बघा, नुकसान कोणाकोणाचं मोजलंय. एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणारं नुकसान अमेरिकी सरकारने २०२१मध्ये ५१ डॉलर धरलं होतं, ३ टक्के दराने. त्याआधीच्या सरकारने फक्त स्वतःच्या देशातलं नुकसान मोजलं आणि दरही ३ व ७ टक्के घेतले, तेव्हा आकडा १ ते ७ डॉलरवर आला होता. २०२३मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने २ टक्के दराने १९० डॉलर काढला. त्यात नुकसान मोजायच्या पद्धतीही सुधारल्या होत्या, त्यामुळे सगळा फरक दराच्या माथी मारू नका.

‘खर्च वाढेल’ असं वाक्य दिसलं की समासात लिहा: कशाच्या तुलनेत? धोरण नसताना आजचीच स्थिती कायम राहील असं गृहीत धरलं असेल, तर वाढत्या उष्णतेचा खर्च हिशोबातून गळलेला असतो. सरासरीपाशीही थांबा. कार्बन कराचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडण्यावर लावलेल्या कराचा, भार उत्पन्नाच्या गटांनुसार दिलाय का, आणि जमा झालेला कर लोकांना परत मिळतो का, हे दोन्ही तक्ते शोधा. ते नसतील तर गरिबांवर काय परिणाम होईल याबद्दल अहवाल गप्प आहे असं समजा, सारांशात काहीही लिहिलेलं असो.

स्वच्छ हवेसारख्या गोष्टीची किंमत लोकांना विचारून काढली असेल तर मूळ प्रश्नावली मागवा. यात मी एकदा चुकले होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वच्छ हवेची ‘कदर कमी’ असं एका मसुद्यात लिहिलं होतं आणि मी ते तसंच पुढे जाऊ दिलं. दुसऱ्या वाचनाला प्रश्न पाहिला: ‘यासाठी तुम्ही दरमहा किती द्याल?’ ज्याच्या खिशात कमी, तो कमीच सांगणार. धूर सोसायचे किती घ्याल असं विचारलं असतं तर आकडे फार वेगळे आले असते. १९८९मध्ये अलास्काजवळ एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३मध्ये ‘किती द्याल’ हाच प्रश्न सुचवला होता, कारण त्यातून आकडा फुगत नाही. म्हणजे प्रश्न विचारण्यात चूक नव्हती. ऐपतीला कदर म्हणणं चुकीचं होतं. आम्ही तो शब्द बदलला आणि तक्त्यात कुटुंबाच्या उत्पन्नाचा रकाना घातला.

एवढं झाल्यावर सारांश उघडा. समासातल्या नोंदी शेजारी ठेवून एकेक वाक्य वाचा आणि ज्याला मागे आधार सापडला नाही त्याखाली रेघ ओढा. लेखकांना पत्र लिहायचं असेल तर त्या रेघांपासूनच सुरुवात करा.